सगळ्यांचे चेहरे उजळू देत

गणपतीत किंवा लग्नकार्यात घरातल्या तीन पिढ्या एकत्र येतात आणि फोटो निघतो तो भर दुपारी, अंगणात. डोक्यावरच्या उन्हानं डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, सगळे डोळे बारीक करतात. त्यापेक्षा ओसरीच्या कडेला, सावलीत, पण मोकळ्या आभाळाकडे तोंड करून सगळ्यांना बसवा. तिथला उजेड मऊ असतो. आजीच्या सुरकुत्याही त्यात सुंदर दिसतात, त्या पुसायचा मोह टाळा.

घरात फ्लॅश वापरताना ध्यानात ठेवा, अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. म्हणूनच पुढची रांग पांढरीफटक आणि मागची अंधारात, असं होतं. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश वळणारा असेल, तर तो पांढऱ्या छताकडे वळवा. उजेड पुष्कळ सारखा पसरतो.

आजी-आजोबा मधे खुर्चीवर, मुलं पुढे सतरंजीवर, बाकीचे मागे. डोकी एका रेषेत नकोत, खांदे जरा आत वळलेले असावेत आणि दोघांमध्ये फट नको. मोबाइलच्या वाइड लेन्समध्ये कडेची माणसं ताणलेली दिसतात. साधी लेन्स निवडून चार पावलं मागे जा. कॅमेरा असेल तर अॅपर्चर एफ ८च्या आसपास ठेवा, म्हणजे मागची रांगही स्पष्ट येईल.

ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांना सगळी मांडणी झाल्यावरच बोलवा. आणि लागोपाठ सात-आठ फोटो घ्या, कारण कुणाचे तरी डोळे मिटलेले असतातच.