वर्ड प्रोसेसरच्या कारखान्यातील उन्हाळी उमेदवारी

खिळ्यांच्या छापखान्यात उमेदवार म्हणून लागलेल्या मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी मजकूर जुळवण्याचे काम कोणी देत नसे. छापून झालेल्या पानाचे खिळे सोडवावयाचे आणि पुसून ज्याच्या त्याच्या खणात टाकावयाचे, हे त्याचे पहिले काम. 'घ'च्या खणात 'ध' पडला, तर त्याचा त्रास दुसऱ्या दिवशी जाणत्या जुळाऱ्याला होई आणि बोलणी उमेदवाराला बसत. महिनोन्‌महिने खण भरता भरता अक्षरांच्या जागा बोटांना पाठ होत, आणि मग केव्हातरी एखाद्या लग्नपत्रिकेचे काम त्याच्या वाट्याला येई.

खिळे आता बहुतेक ठिकाणांहून गेले. अक्षरे जुळवण्याचे, ओळी तोडण्याचे, समास राखण्याचे काम संगणकावरील वर्ड प्रोसेसर नावाचा प्रोग्राम करतो. परंतु हा प्रोग्राम जेथे घडतो, त्या कारखान्यात उमेदवारीची रीत अजून चालू आहे. हा कारखाना कोणत्याही एका गावात नाही. त्यात काम करणारे कोणी जर्मनीत, कोणी हंगेरीत, कोणी भारतात बसलेले असतात. दर वर्षी उन्हाळ्यात तेथे काही नवे उमेदवार दाखल होतात, आणि त्यांतील पुष्कळांना आपल्या उस्तादाचे तोंडही प्रत्यक्ष पाहावयास मिळत नाही.

लिब्रेऑफिस रायटर आणि ॲबीवर्ड हे दोन वर्ड प्रोसेसर 'खुले' म्हणून ओळखले जातात. खुले याचा अर्थ केवळ फुकट असा नव्हे. प्रोग्राम ज्या मूळ लिखाणातून तयार होतो, ज्याला कोड म्हणतात, ते लिखाण कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि तो बदल दुसऱ्याला देता येतो. 'ॲबीवर्ड' या नावातच ही गोष्ट आली आहे. स्पॅनिश भाषेतील 'आबिएर्तो', म्हणजे उघडा, या शब्दावरून ते नाव बेतलेले आहे. मात्र दार उघडे ठेवले म्हणजे माणसे आत येतातच असे नाही. आत लक्षावधी ओळींचे रान पसरलेले असते, आणि नवख्याला वाट दाखवणारा कोणी नसेल, तर तो उंबरठ्यावरूनच परत फिरतो.

ही वाट दाखवण्याची एक मोठी योजना गूगल या कंपनीने २००५ साली सुरू केली. तिचे नाव 'गूगल समर ऑफ कोड'. महाविद्यालयीन विद्यार्थ्याने उन्हाळ्याच्या सुटीत हॉटेलात बश्या धुण्याऐवजी एखाद्या खुल्या प्रकल्पासाठी कोड लिहावा, त्या प्रकल्पातील जाणत्या माणसाने त्याला मार्गदर्शन करावे आणि विद्यार्थ्याला विद्यावेतन गूगलने द्यावे, अशी ही कल्पना. पहिल्या वर्षी २०० जागा ठेवल्या होत्या. अर्ज आले ८,७०० हून अधिक, तेव्हा जागा वाढवून ४१९ कराव्या लागल्या. विद्यार्थ्याला त्या वर्षी ४,५०० डॉलर मिळत आणि त्याला सांभाळणाऱ्या संस्थेला ५०० डॉलर. या दुसऱ्या आकड्याकडे श्रोत्यांनी लक्ष ठेवावे.

योजनेतील उन्हाळा हा अमेरिका-युरोपचा उन्हाळा आहे. आपल्याकडे तेव्हा पाऊस पडत असतो आणि महाविद्यालये पुन्हा उघडलेली असतात. त्यामुळे भारतातून दर वर्षी मोठ्या संख्येने निवडल्या जाणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या बाबतीत सुटी हा शब्द नावापुरताच उरतो. दिवसा वर्ग आणि प्रात्यक्षिके, रात्री कोड, असा त्यांचा जुलै-ऑगस्ट जातो.

लिब्रेऑफिस या योजनेत २०११ साली आले. त्याचे घराणे जुने आहे. मार्को ब्यॉरीस नावाच्या एका जर्मन मुलाने १९८५ साली, शाळकरी वयात, स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली. तिचे स्टारऑफिस १९९९ साली सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने विकत घेतले, पुढे त्याचा कोड खुला होऊन ओपनऑफिस झाले, आणि २०१० साली ओरॅकलने सन ताब्यात घेतल्यावर स्वयंसेवकांच्या एका मोठ्या गटाने वेगळी चूल मांडून डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था आणि लिब्रेऑफिस हे नाव उभे केले. या फिराफिरीत कोड मात्र तोच राहिला. त्यात मूळ कारागिरांनी स्वतःच्या सोयीसाठी लिहून ठेवलेले शेरे जर्मन भाषेत होते. ते हजारो शेरे इंग्रजीत आणण्याचे काम पुढे अनेक वर्षे स्वयंसेवक थोडे थोडे करीत राहिले. नवख्याला देण्याजोग्या कामांच्या यादीत हे काम असे. खिळे खणात टाकण्याचाच हा प्रकार. करणाऱ्याला त्यातून कारखान्याचा कानाकोपरा ठाऊक होई.

योजनेत निवड व्हावयाची तर अर्जात केवळ मोठमोठी आश्वासने देऊन भागत नाही. लिब्रेऑफिसमध्ये उमेदवाराने आधी एखादी छोटी दुरुस्ती स्वतः करून ती मुख्य कोडात स्वीकारली जाईल इथपर्यंत नेऊन दाखवावी, अशी अपेक्षा असते. पाठवलेली प्रत्येक दुरुस्ती इतर जण उघडपणे वाचतात आणि तिच्यातील उणिवा ओळीओळीला दाखवून देतात. परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्या मुलाला हा अनुभव प्रथम बोचतो. आपले लिखाण परक्या माणसाने सर्वांसमक्ष पाच वेळा परत केले आणि सहाव्या वेळी एका शब्दाचीही स्तुती न करता स्वीकारले, यातच सन्मान आहे, हे कळावयास थोडे दिवस जावे लागतात.

आता प्रत्यक्ष कामाचा एक नमुना. लिब्रेऑफिस रायटरमध्ये संपूर्ण परिच्छेदाभोवती चौकट घालता येत असे, परंतु ओळीच्या मध्येच असलेल्या दोन-तीन शब्दांभोवती ती घालता येत नसे. मायक्रोसॉफ्टच्या वर्डमध्ये ही सोय होती. त्यामुळे कोणी वर्डमध्ये केलेला दस्तऐवज रायटरमध्ये उघडला, की त्या चौकटी नाहीशा होत. २०१३ सालच्या उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याने हे काम अंगावर घेतले. ऐकणाऱ्याला वाटेल, चार रेघा ओढावयाच्या, त्याला तीन महिने कशाला? परंतु प्रश्न रेघांचा नसतोच. चौकटीतील मजकूर ओळीच्या शेवटी तुटून खालच्या ओळीवर गेला, तर चौकट तेथे बंद करावयाची की उघडी ठेवावयाची? मध्येच एक शब्द ठळक असला, तर वर्ड प्रोसेसरच्या दृष्टीने तो वेगळा तुकडा ठरतो. मग एका चौकटीच्या तीन चौकटी होऊ नयेत यासाठी काय करावे? चौकटीने व्यापलेल्या जागेमुळे ओळ आता किती अक्षरांवर तुटेल? आणि हे सारे फाइलमध्ये अशा रीतीने लिहून ठेवले पाहिजे, की दुसऱ्या प्रोग्रामलाही ते वाचता यावे. या प्रश्नांची उत्तरे देता देता उन्हाळा संपला, आणि जानेवारी २०१४ मध्ये निघालेल्या ४.२ या आवृत्तीत ही सोय कोट्यवधी लोकांच्या हाती पडली. त्यांतील कितीजणांना तिच्यामागे एका विद्यार्थ्याची सुटी आहे हे ठाऊक असेल?

दुसरा नमुना २०२० सालचा, म्हणजे महामारीच्या उन्हाळ्यातला. टंकलेखन करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी असा दस्तऐवज येतो, की ज्यात एक शब्द हट्टाने तिरपा राहतो किंवा एकच परिच्छेद उजवीकडे सरकलेला असतो, आणि काही केल्या तो सरळ होत नाही. याचे कारण असे की, अक्षराचे रूप चार ठिकाणांहून ठरत असते: परिच्छेदाची शैली, परिच्छेदावर थेट केलेला बदल, अक्षरांची शैली आणि अक्षरांवर थेट केलेला बदल. यांतील नेमका कोणता धागा ओढला गेला आहे, हे दिसत नाही. त्या उन्हाळ्यात योजनेतील एका विद्यार्थ्याने 'स्टाइल इन्स्पेक्टर' नावाची खिडकी तयार केली. कर्सर जेथे असेल तेथील अक्षराचे हे चारही थर ती उलगडून दाखवते. फेब्रुवारी २०२१ मधील ७.१ आवृत्तीत ती आली. दहा हातांतून फिरलेले अहवाल आणि ठराव ज्यांना नीट करून द्यावे लागतात, त्यांना या खिडकीचे मोल चौकटीहून अधिक वाटेल, आणि ते योग्यच आहे.

उमेदवाराबद्दल इतके बोलल्यावर उस्तादाकडेही पाहिले पाहिजे. मार्गदर्शक हा बहुधा आपली नोकरी सांभाळून हे काम करणारा असतो. विद्यार्थ्याने दिवसभरात लिहिलेले त्याला रात्री वाचावे लागते. चूक स्वतः दहा मिनिटांत दुरुस्त करता आली असती, ती विद्यार्थ्याकडून दोन दिवसांत दुरुस्त करून घ्यावी लागते. मध्ये आणि शेवटी परीक्षण करून विद्यार्थी उत्तीर्ण की अनुत्तीर्ण हे सांगण्याचे अप्रिय कामही त्याचेच. कारण त्याच्या शब्दावर विद्यावेतनाचा हप्ता अवलंबून असतो. या सर्वांपोटी संस्थेच्या पदरात पडणार ते ५०० डॉलर. निव्वळ हिशेब मांडला, तर त्या तीन महिन्यांत उस्तादाने स्वतःच काम केले असते तर अधिक झाले असते, असे पुष्कळदा निघेल. तरीही चांगले प्रकल्प उमेदवार घेतात, ते उन्हाळ्यानंतरही त्यांतला एखादा मागे राहील या आशेने. सगळा व्यवहार या आशेवर उभा आहे. कोड लिहून विद्यार्थी निघून गेला, तर त्या कोडातील पुढच्या चुका कोणी दुरुस्त करावयाच्या? लिहिणाऱ्याशिवाय इतर कोणाला तो नीट समजलेला नसतो, आणि मग ती भर न राहता भार होते.

ॲबीवर्डची हकीकत या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. सोर्सगिअर या अमेरिकन कंपनीने १९९८ साली तो सुरू केला आणि पुढे सोडून दिला. स्वयंसेवकांनी मात्र तो सोडला नाही. तो आटोपशीर होता, जुन्या व अशक्त संगणकावरही चालत असे. या गुणामुळेच 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या संस्थेने मुलांसाठी केलेल्या लहानशा हिरव्या-पांढऱ्या संगणकात लिहिण्यासाठी जो प्रोग्राम दिला, तो ॲबीवर्डवरच बेतलेला होता. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत २००७ साली हे संगणक आले. शहरातील कचेऱ्यांत ज्याचे नावही फारसे कोणी ऐकले नव्हते, त्या वर्ड प्रोसेसरशी सह्याद्रीच्या पायथ्याच्या मुलांची अशी ओळख झाली.

समर ऑफ कोड योजनेत ॲबीवर्डनेही भाग घेतला. त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टने आपल्या दस्तऐवजांचे स्वरूप बदलले होते. डिसेंबर २००६ मध्ये मानक म्हणून मान्य झालेल्या त्या नव्या स्वरूपाचे वर्णनच सुमारे ६,००० पानांचे होते. ते वाचता आले नाही, तर बाहेरून आलेली पत्रे न उघडताच परत करावी लागतील, अशी ॲबीवर्डची स्थिती. २००७ च्या उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याने हे वाचनाचे काम उचलले आणि २००८ च्या २.६ आवृत्तीपासून ॲबीवर्ड अशा फाइली उघडू लागला. मूठभर माणसांच्या प्रकल्पाला ही मदत लहान नव्हती. परंतु मुख्य कारागिरांची संख्या वाढली नाही. २०१३ साली ३.० ही आवृत्ती निघाली, तेव्हा विंडोजवरील ॲबीवर्ड सांभाळण्यास माणूसच नव्हता, आणि विंडोजसाठी ती आवृत्ती निघालीच नाही. एकेका उन्हाळ्याची मदत आणि कायमचा सांभाळ या दोन गोष्टी किती भिन्न आहेत, हे यावरून दिसून येते.

मराठी लिहिणाऱ्याचा या कारखान्याशी संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. देवनागरी जुळवणे हे रोमन लिपी जुळवण्यापेक्षा कठीण काम. 'कि' लिहिताना संगणक आधी 'क' साठवतो आणि नंतर वेलांटी. पण पानावर वेलांटी आधी काढावी लागते. 'तऱ्हा' आणि 'वाऱ्यावर' यांतील अर्धा 'र' मराठीला हवा असतो, हिंदीला त्याची गरज पडत नाही. म्हणून केवळ हिंदीवर बेतलेल्या प्रोग्रामात तो बिघडण्याचा धोका फार. पूर्वी लिब्रेऑफिस अक्षरजुळणीसाठी विंडोजवर एक यंत्रणा वापरी, लिनक्सवर दुसरी आणि मॅकवर तिसरी. घरी नीट दिसलेले पान छापखान्यात वेगळ्या जागी तुटे. २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून सर्वत्र 'हार्फबझ' ही एकच खुली यंत्रणा आली. तिचे नाव फारसी असून त्याचा अर्थ 'खुले अक्षर' असा होतो. ही सुधारणा देवनागरीपुरती नव्हती, पण तिचा लाभ देवनागरीला झाला. तथापि कोणत्या उन्हाळ्यात काय करावयाचे याची यादी प्रकल्पातील माणसे आपल्याकडे आलेल्या तक्रारी आणि सूचना पाहून करतात. डोळ्यासमोर न आलेली अडचण तिच्यात येणार कशी? बेळगाव, इंदूर वा पणजी येथे बसून जो माणूस मोडलेल्या जोडाक्षरावर मनातल्या मनात चरफडतो आणि दुसऱ्या प्रकारे लिहून वेळ मारून नेतो, त्याची अडचण त्याच्याजवळच राहते. ती नोंदवण्यास कोड यावा लागत नाही. कोणत्या शब्दात, कोणत्या फाँटमध्ये, काय दिसावयास हवे होते आणि काय दिसले, एवढे स्पष्ट लिहिले की पुरे.

ज्याला याहून पुढे जावयाचे असेल, त्याच्यासाठी योजनेच्या अटीही सैल झाल्या आहेत. २०२२ पासून उमेदवार विद्यार्थीच असला पाहिजे ही अट उरलेली नाही. वय १८ पूर्ण असावे आणि खुल्या प्रकल्पांत तो नवखा असावा, इतके पुरते. पूर्ण उन्हाळा देणे ज्याला अशक्य, त्याच्यासाठी ३५० तासांच्या जोडीला १७५ तासांचे काम ठेवण्यात आले, आणि २०२४ पासून ९० तासांचेही. विद्यावेतन आता सर्वांना सारखे नसते. २०१७ पासून ते त्या त्या देशातील राहणीच्या खर्चाप्रमाणे ठरते. उस्तादांच्या वेळात मात्र कोणतीच वाढ झालेली नाही; आलेल्या प्रत्येक दुरुस्तीची प्रत्येक ओळ त्यांना पूर्वीप्रमाणेच रात्री बसून वाचावी लागते.