कोबी, पवनचक्क्या आणि मैलापाणी : फाइंडहॉर्नमधला एक दिवस



आपल्या मंचातली सात-आठ कुटुंबं गेलं वर्षभर एका विषयावर बोलत आहेत. निवृत्तीनंतर चार गावांत चार घरं करून एकेकटं म्हातारं होण्यापेक्षा एखादी जागा घेऊन शेजारी शेजारी राहायचं का? मुलं पांगली आहेत. पुण्याला कायमचं परत जायचं म्हणणारे आपण सगळे दर हिवाळ्यात तीन आठवडे जाऊन, पोट बिघडवून परत येतो. मग या चर्चेत कुणीतरी "ते स्कॉटलंडमधलं इको-व्हिलेज" म्हणतं आणि सगळे माझ्याकडे बघतात, कारण आमचं घर ॲबर्डीनला आणि मी तिथे जाऊन आलेली. २०१९ च्या जूनमध्ये मी आणि माझे यजमान एका दिवसासाठी फाइंडहॉर्नला गेलो होतो. तेव्हा वहीत केलेली टिपणं आणि त्यानंतर तिथे जे घडलं ते, असं दोन्ही आज सांगते.

आमची पार्श्वभूमी आधी सांगून टाकते. यजमानांची सगळी नोकरी उत्तर समुद्रातल्या तेलावर झाली आणि माझी बावीस वर्षं मैलापाण्याच्या शुद्धीकरणात गेली. दोघंही विद्यार्थिदशेत अंधश्रद्धा निर्मूलनाची शिबिरं करून आलेलो. तेव्हा आम्ही काही वारीला निघालो नव्हतो.

ॲबर्डीनहून इन्व्हर्नेसच्या गाडीत बसायचं आणि फॉरेस स्टेशनला उतरायचं. तिथून पुढे पाचेक मैल. बाजूलाच लष्कराचा तळ आणि धावपट्टी आहे. २०१२ पर्यंत तिथे हवाई दलाचं ठाणं होतं. शांततेचं ध्यान करणारी वस्ती अशी लष्कराच्या कुंपणाला खेटून वाढली, याची तिथे कुणालाच गंमत वाटत नाही, इतके ते सवयीचे झाले आहेत.

गोष्ट सुरू होते नोव्हेंबर १९६२ मध्ये. पीटर आणि आयलीन कॅडी हे जोडपं आणि त्यांची सहकारी डोरोथी मॅक्लीन एका हॉटेलात कामाला होते. तिथली नोकरी गेली. तीन मुलं, एक कॅरव्हॅन आणि बेकारभत्ता एवढ्या भांडवलावर ते फाइंडहॉर्नच्या कॅरव्हॅन तळावर येऊन राहिले. आयलीनबाईंना आतून मार्गदर्शन ऐकू यायचं, पण सहा माणसांच्या कॅरव्हॅनमध्ये शांतता कुठून मिळणार? म्हणून त्या तळावरच्या सार्वजनिक संडासात जाऊन ध्यान करायच्या. आपल्याकडच्या कुठल्याही बाबाच्या चरित्रात ही माहिती छापली गेली नसती. इथे ती मोकळेपणी सांगतात, आणि मला या माणसांबद्दल पहिला आदर वाटला तो इथे.

मग येते कोबीची कथा. वाळूच्या जमिनीत चाळीस पौंडांचे, म्हणजे अठरा किलोचे गड्डे आले, आणि डोरोथीबाईंचं म्हणणं असं की वनस्पतींच्या देवतांशी संवाद साधल्यामुळे आले. त्यासाठी त्यांनी शब्दही आपलाच उचलला आहे, 'देव'. आता माझं मत. त्याच माणसांनी त्या वाळूत सेंद्रिय खत, घोड्याची लीद आणि समुद्रशेवाळ रात्रंदिवस कालवलं होतं, हेही तेच सांगतात. मोरे फर्थच्या या किनाऱ्यावर पाऊस स्कॉटलंडच्या मानाने कमी, ऊन बरं, आणि जूनमध्ये रात्री साडेदहापर्यंत उजेड असतो. कोबीला आणखी काय हवं? देवतेला श्रेय द्यायला माझी हरकत नाही, पण लीद कुणी वाहिली तेही पाटीवर लिहा.

दुपारी पाहुण्यांना गाव दाखवायला एक स्वयंसेवक बाई आल्या. सुरुवातीला आम्हा बारा-तेरा जणांना हात धरून गोल उभं केलं आणि मिनिटभर डोळे मिटायला लावले. याला ते 'अट्यूनमेंट' म्हणतात. भाजी चिरण्याआधीही करतात आणि हिशेबाच्या बैठकीआधीही. यजमानांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना नंतर म्हटलं, तुमच्या कारखान्यात खंडेनवमीला लेथला हळदकुंकू वाहायचे तेव्हा तुम्ही पेढा खाल्लात की नाही?

व्हिस्कीच्या भट्टीतल्या प्रचंड लाकडी पिंपांपासून केलेली गोल घरं पाहिली. पहिलं घर १९८६ चं. छपरांवर गवत वाढवलेली घरं पाहिली. पवनचक्क्या चार होत्या. पहिली १९८९ ची, पंचाहत्तर किलोवॉटची, तिचं नाव मोया. बाकीच्या तीन २००६ मध्ये बसवलेल्या, प्रत्येकी सव्वादोनशे किलोवॉटच्या. उरलेली वीज ग्रिडला विकतात. यजमान इथे पहिल्यांदा गंभीर झाले आणि बेअरिंगविषयी प्रश्न विचारू लागले.

माझा जीव मात्र काचघरात अडकला होता. १९९५ मध्ये त्यांनी 'लिव्हिंग मशीन' नावाची शुद्धीकरण यंत्रणा उभारली, युरोपातली अशी पहिली. सगळ्या वस्तीचं मैलापाणी आधी जमिनीखालच्या बंद टाक्यांत जातं, तिथे हवेशिवाय जगणारे जिवाणू जड भाग पचवतात. तिथून ते काचघरातल्या उघड्या टाक्यांच्या रांगेत येतं. टाक्यांवर हिरवीगार झाडं तरंगताना दिसतात, आणि लोक त्यांचेच फोटो काढतात. पण झाडं हे काम करत नाहीत. काम करतात त्यांच्या मुळांना चिकटलेले जिवाणू, आणि त्यांना श्वास घेता यावा म्हणून खालून पंपाने हवा सोडलेली असते. म्हणजे तत्त्व तेच, जे माझ्या काँक्रीटच्या टाक्यांत होतं. फरक इतकाच की इथे क्लोरीन नाही, आणि दुर्गंधी जवळजवळ नाही. मी आमच्या बाईंना विचारलं, गाळ कोण काढतं? त्या म्हणाल्या, काढतो आम्ही, पण पाहुणे हा प्रश्न विचारत नाहीत. आमची तिथेच मैत्री झाली.

या गावाची प्रतिष्ठा ज्या अभ्यासावर उभी आहे तो २००६ च्या सुमाराचा आहे. स्टॉकहोम एन्व्हायर्नमेंट इन्स्टिट्यूटच्या पद्धतीने मोजल्यावर रहिवाशांचा पर्यावरणीय पदठसा ब्रिटिश सरासरीच्या साधारण निम्मा निघाला. मोठी गोष्ट आहे. आणि ती देवतांमुळे झाली नाही. भाजी जवळची, जेवण बहुतेक शाकाहारी आणि एकत्र शिजवलेलं, वीज वाऱ्याची, घरं लहान, कपडे धुण्याची यंत्रं सामाईक. ईस्ट विन्स नावाचा पंचवीस घरांचा समूह २०१३ च्या सुमाराला झाला, तो आपल्या मनातल्या कल्पनेच्या सगळ्यांत जवळचा. मी तिथेच जास्त रेंगाळले. एकीकडे हे, आणि दुसरीकडे जगभरातून शिबिरांसाठी विमानाने येणारे पाहुणे. गावाच्या उत्पन्नाचा मोठा आधार तेच होते, हा पेच मला तेव्हाही खटकला होता.

संध्याकाळी मुख्य ध्यानगृहात वीस मिनिटं बसले. काहीही ऐकू आलं नाही, पण गुडघे दुखायचे थांबले.

ते ध्यानगृह आज नाही. १२ एप्रिल २०२१ च्या पहाटे ते आणि सामुदायिक स्वयंपाकघराची इमारत जळून गेली. आग लावली होती कामावरून कमी केलेल्या एका जुन्या कर्मचाऱ्याने. त्याने न्यायालयात कबुली दिली. कोविडमध्ये पाहुणे बंद झालेले, त्याआधी ब्रेक्झिट, मग महागाई. सप्टेंबर २०२३ मध्ये फाइंडहॉर्न फाउंडेशनने आपले शिक्षणवर्ग थांबवले, माणसांच्या नोकऱ्या गेल्या आणि मालमत्ता विकायला निघाली. १९७२ पासून नोंदलेली संस्था, पन्नासाव्या वर्षानंतर वर्षभरात आवरती झाली.

पण लोक तिथेच राहिले, आणि आपल्यासाठी माझ्या मते हाच मुद्दा महत्त्वाचा आहे. गाव आणि फाउंडेशन या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पवनचक्क्या वेगळ्या कंपनीच्या, दुकान रहिवाशांनी भाग घेऊन विकत घेतलेलं, कित्येक घरं ज्याची त्याची. सगळं एकाच नावावर असतं तर कर्जाबरोबर गावही गेलं असतं. आपल्या मसुद्यात सध्या जमीन, घरं, सामाईक स्वयंपाकघर आणि मदतनिधी सगळं एकाच ट्रस्टकडे आहे. "आपण सगळे एकमेकांना ओळखतो" हे त्याचं कारण दिलं आहे. ते जाळपोळ करणारे गृहस्थही तिथे वर्षानुवर्षं सगळ्यांच्या ओळखीचे होते.

दुसरं, निर्णय. तिथे सहमतीने निर्णय घेण्याची परंपरा आहे. आपल्याकडे गडचिरोलीत मेंढा-लेखा गावानेही सर्वसहमती चालवून दाखवली, २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि २०१३ मध्ये ग्रामदानाचा ठराव केला, तेही ध्यानगृहाशिवाय. अर्थात गोंड समाजाकडे पिढ्यांची एकत्र राहण्याची सवय आहे. आपण गणेशोत्सवाच्या जेवणाचा मेनू मतदानाशिवाय ठरवू शकलेलो नाही. तेव्हा मिनिटभर गप्प बसून बैठक सुरू करायला हरकत काय, असं मला आता वाटतं. त्याला अट्यूनमेंट म्हणू नका हवं तर.

जागेचा नकाशा पुढच्या बैठकीत येणार आहे. त्यावर मैलापाण्याची टाकी कुठे आहे आणि तिला टँकर लागतो की नाही, तेवढं आधी दाखवा. आता प्रश्न विचारा, चहा तयार आहे.