तीन पायांचा राखणदार : पाय काढलेल्या कुत्र्याची देखभाल
(शेतकरी मेळाव्यात पशुवैद्यकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



गाई-म्हशी, शेळ्या-कोंबड्या यांच्याविषयी आपण नेहमीच बोलतो. आज वस्तीवरच्या कुत्र्याविषयी बोलू. दुधाचा हिशेब वहीत असतो, कुत्र्याच्या राखणीचा नसतो. पण रात्री गोठ्याभोवती, खळ्यावर किंवा मेंढ्यांच्या वाड्यापाशी तो नसला म्हणजे काय होते, हे आपल्याला सांगायला नको. अशा कुत्र्याचा पाय निकामी झाला आणि डॉक्टरांनी "पाय काढावा लागेल" असे सांगितले, की पुष्कळ मालक म्हणतात, "तीन पायांवर जगून तो काय करणार? त्यापेक्षा इंजेक्शन देऊन मोकळा करा." हा निर्णय घाईने घेऊ नये. एरवी निरोगी असलेला कुत्रा शस्त्रक्रियेनंतर बहुधा एक-दोन दिवसांत उभा राहतो आणि महिनाभरात चांगला चालू-पळू लागतो. मात्र मधले पंधरा दिवस मालकाने सांभाळावे लागतात.

पाय काढण्याची वेळ का येते? वाहनाची धडक, गवत किंवा ऊस कापणारे यंत्र, हाडाचा कर्करोग ही कारणे आहेतच. रानडुकरांसाठी बांधावर लावलेल्या तारेच्या फाशातही कुत्र्यांचे पाय अडकतात. असे फासे लावून वन्यप्राणी मारणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे जाता जाता सांगतो. आणखी एक कारण मात्र घरीच तयार होते. मोडलेल्या पायाला बांबूच्या कामट्या लावून सुतळीने घट्ट आवळतात आणि आठ दिवस सोडून पाहत नाहीत. खालचा रक्तपुरवठा तुटतो, बोटे गार पडतात, सुजतात, वास येऊ लागतो. नीट जुळला असता असा पाय मग काढावा लागतो. पट्टी कोणीही बांधलेली असो, बोटे रोज चाचपून पाहावीत. ती गार लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

जखमी कुत्रा उचलताना तो आपला असला तरी वेदनेने चावू शकतो. कापडाची पट्टी तोंडाभोवती बांधून मगच हात घालावा. मात्र त्याला उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर तोंड बांधू नये. चावलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. अशी शस्त्रक्रिया प्रत्येक गावच्या दवाखान्यात होतेच असे नाही. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करावी.

पुष्कळांची एक तक्रार असते. "जखम पंजाला होती, डॉक्टरांनी पाय खांद्यापासून का काढला?" माणसाला जयपूर फूट बसवतात, म्हणून खालचा पाय राखावा असे त्यांना वाटते. पण कुत्रा अर्धवट राहिलेला पाय टेकवायला जातो. तो दगडमातीवर आपटतो, कातडी सोलते, हाड उघडे पडते आणि जखम कधीच भरत नाही. म्हणून पुढचा पाय बहुधा खांद्यातून व मागचा मांडीतून काढतात. दिसायला ते जास्त वाटते, पण त्यातच कुत्र्याचे हित आहे.

कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर आणि ४० टक्के मागच्या पायांवर असतो. त्यामुळे मागचा पाय गेलेला कुत्रा लवकर सावरतो, पुढचा गेलेल्याला थोडे जड जाते. आपली गावठी कुत्री व धनगरांची कारवानी कुत्री अंगाने सडपातळ असतात, त्यांचे बरे जमते. फार जड जातीचा कुत्रा, उरलेल्या पायांचे सांधे धरलेला म्हातारा कुत्रा किंवा कर्करोग फुप्फुसापर्यंत गेलेला कुत्रा असेल, तर डॉक्टरांशी स्पष्ट बोलावे. अशा वेळी शस्त्रक्रिया न करणेही बरोबर ठरू शकते.

आता घरी आणल्यावरचे. पहिल्या रात्री कुत्रा भुलीच्या गुंगीत असतो, कण्हतो, धडपडतो. घाबरू नये, पण एकटे सोडू नये. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीही पाजू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. नंतर थोडे पाणी आणि मऊ भात किंवा दुसरे हलके अन्न द्यावे. जागा कोरडी, वारा न लागणारी असावी. गुळगुळीत फरशीवर त्याचा पाय घसरतो व धीर सुटतो, म्हणून तरट किंवा गोणपाट अंथरावे. ताज्या शेणाने सारवलेली जमीन मात्र नको. तिथे माश्या येतात आणि टाक्यांत घाण जाते.

दुखणे कमी करणारे औषध डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस द्यावेच. कुत्रा ओरडत नाही म्हणजे दुखत नाही असे नाही. तो कोपऱ्यात बसतो, खात नाही, धापा टाकतो, हेच त्याचे सांगणे. घरातल्या माणसांच्या गोळ्या मात्र देऊ नयेत. आयब्रुफेन व डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडे बिघडतात. पॅरासिटामॉलही स्वतःच्या अंदाजाने देऊ नये. (जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली ती गिधाडांमुळे, पण कुत्र्यालाही ते वाईटच.)

टाक्यांभोवती पहिले काही दिवस सूज व काळानिळा डाग दिसतो, थेंब-दोन थेंब लालसर पाणीही येते. हे चालते. हळद, राख, चुना, तेल काही लावू नये. भिजवू नये, आंघोळ घालू नये. कुत्र्याने चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर लागते. ती मिळाली नाही तर प्लॅस्टिकच्या जुन्या बादलीचा तळ कापून, कडेला कापड गुंडाळून गळ्यात अडकवावी. खाता-पिताना अडचण होत असेल तर तेवढ्यापुरती काढावी आणि समोर बसून राहावे. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. पावसाळ्यात दिवसातून दोनदा जखम पाहावी, कारण माशीने अंडी घातली की अळ्या व्हायला वेळ लागत नाही. जखमेला वास येणे, पू होणे, टाके उसवणे, रक्ताची धार लागणे, हिरड्या पांढऱ्या पडणे, चोवीस तासांत लघवी न होणे किंवा दोन दिवस अन्नाला तोंड न लावणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये. शौचाला मात्र तीन-चार दिवस उशीर होऊ शकतो.

मागचा पाय गेला असेल तर सुरुवातीला टॉवेल किंवा जुन्या लुगड्याची घडी पोटाखालून घेऊन दोन्ही टोके वर धरावीत आणि त्याला लघवीला न्यावे. हा आधार एक-दोन दिवसच लागतो. पुढे दया दाखवून उचलत राहिले तर तो चालायचे टाळू लागतो. टाके निघेपर्यंत दोरीला धरून पाच-पाच मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा फिरवावे. पळवणे, पायऱ्या, इतर कुत्र्यांशी खेळ बंद. नंतर रोज थोडे वाढवावे, बसला की थांबावे. पुढचा पाय नसलेल्याचे ताट विटेवर ठेवावे, म्हणजे एका पायावर वाकावे लागत नाही. त्याला उतारावर त्रास होतो. मागचा नसलेल्याला चढावर. बैलगाडीतून, ट्रॉलीतून उडी मारू देऊ नये. तो सगळा दणका एकाच पायावर येतो. बऱ्या झालेल्या जागी अचानक केकाटून चाटू लागला तर ती तुटलेल्या नसांची वेदना असू शकते. तिच्यावर औषध आहे, डॉक्टरांना सांगावे.

कुत्रा बरा झाल्यावर घरातली माणसे त्याचे फार लाड करतात आणि तिथेच बिघडते. "बिचारा" म्हणून दोन भाकऱ्या जास्त पडतात, कुत्रा सुटतो आणि तीन पायांचे सांधे झिजू लागतात. फासळ्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर सहज लागाव्यात, एवढाच तो असावा. अन्नात कांदा-लसूण नको. शिजवलेली हाडेही नकोत, ती फुटून आतड्यात रुततात. उरलेल्या पंजांची नखे वेळेवर कापावीत, कारण वाढलेल्या नखांनी पाय घसरतो. जंताचे औषध व रेबीजची लस चुकवू नये.

काम कोणते द्यावे? मेंढ्यांमागे लांडग्याच्या रानात त्याला एकटे पाठवू नये. वस्तीवर भुंकून जागे करणे हे काम तो पहिल्यासारखेच करतो. पण जुन्नरसारख्या बिबट्याच्या पट्ट्यात रात्री त्याला अंगणात बांधून ठेवणे म्हणजे बिबट्यासमोर ताट वाढणे आहे. रात्री तो बंद पडवीत किंवा कडी लावलेल्या गोठ्यात असावा. तिथून त्याचे भुंकणे आपल्याला ऐकू येतेच.

शेवटी शेततळ्याचे. प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यात चार पायांच्या कुत्र्यालाही वर चढता येत नाही, तीन पायांचा तर लगेच थकतो. तळ्याला कुंपण घालावे, आणि चारी बाजूंनी काठाला पक्के बांधलेले, पाण्यापर्यंत पोचणारे दोराचे जाळे किंवा एकमेकांना बांधलेले जुने टायर सोडावेत. घरातले मूल किंवा शेळी पडली तरी तेच कामाला येईल.