झाडू कोणाच्या हातात?

(धाराशिव जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षकांपुढे केलेलं भाषण)



पोरांना दुसऱ्याचं दुःख कळावं म्हणून गोष्टी सांगा, चित्रं काढून घ्या, असं आता सगळेच सांगतात. बरं आहे. पण मी विचारतो, तुमच्या शाळेत झाडू कोणाच्या हातात आहे?

मी तिसरीत होतो. गुरुजींनी दयेचा धडा शिकवला. भुकेल्याला भाकर द्या म्हणाले. सगळ्या पोरांनी वळून माझ्याकडं बघितलं. सुट्टी झाली तसे गुरुजी म्हणाले, "ए, वर्ग झाडून घे." मलाच. रोज मलाच. दयेचा धडा पोरं विसरली. झाडूचा जन्मभर लक्षात राहिला.

१९०० साली साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव दाखल झाला. बसायला वेगळं गोणपाट, तेही रोज घरी न्यायचं. शिपाई असला तर पाणी, नसला तर तहान. त्या वर्गातली बाकीची पोरं काय जन्मतः दगड होती? नाही. त्या गोणपाटानं त्यांना दगड केलं.

तोच भीमराव बाबासाहेब होऊन फेब्रुवारी १९४१ मध्ये आपल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेला आला. मुक्काम कुठं? शाळेतच! आपण तिथं पोरांची सहल नेतो, हार घालतो. आणि परत आल्यावर पाण्याची घागर कोण भरतं?

दिवाळीनंतर कळंब, भूम, वाशीकडची माणसं ऊसतोडीला जातात. उन्हाळ्याच्या तोंडाला पोरगं परत येतं. त्याला 'मागं पडलेला' म्हणू नका. त्याच्यावर चुकचुकूही नका. कोपी कशी उभी करतात, मोळी कशी बांधतात, त्याला सांगू द्या. बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत. त्या तासाला तो मास्तर.

दया वरून खाली पडते. मैत्रीला एकाच सतरंजीवर बसावं लागतं. परिपाठात उद्देशिका म्हणता, तिच्यातली बंधुता म्हणजे दुसरं काय? झाडू, पाणी, ताटं, सगळं पाळीपाळीनं. खिचडीची पंगत नावाच्या पहिल्या अक्षरानं बसवा, आडनावाच्या नव्हे. आडनावात जात दबा धरून बसलेली असते.

पोरगं सांगितलेलं शिकत नाही, बघितलेलं शिकतं. म्हणून उद्या सकाळी झाडूची पहिली पाळी गुरुजींची. मी माझ्या वर्गात तशीच सुरुवात केली आहे.

जय भीम!