पहिले दार शेजाऱ्याचे



घरातील मारहाण ही 'त्यांच्या घरची गोष्ट' म्हणून समाज गप्प बसतो. बाईचा आक्रोश ऐकू येतो, पण शेजारचे दार उघडत नाही. म्हणून आज आम्ही आपणासमोर एका दूरच्या गावाची हकिकत ठेवीत आहोत.

पश्चिम ऑस्ट्रेलियात फिट्झरॉय क्रॉसिंग हे छोटे गाव आहे. बुनुबा, गूनियांडी, वाल्माजारी आदी मूळनिवासींची ही भूमी. गोऱ्यांनी जमिनी घेतल्या. पुढे गुरांच्या कुरणांवरील कामही गेले. दारूने घरे पोखरली, मारहाण वाढली, तरुण आत्महत्या करू लागले.

जुलै २००७ मध्ये तेथील स्त्रियांनी सभा घेऊन निर्धार केला. जून ऑस्कर व एमिली कार्टर यांनी पुढाकार घेतला. कडक दारू घरी नेण्यासाठी विकू नये, ही त्यांची मागणी. आपल्याच माणसांचा रोष त्यांनी पत्करला. ऑक्टोबर २००७ पासून बंदी लागू झाली.

त्याच वर्षी शेजारच्या नॉर्दर्न टेरिटरीत केंद्र सरकारने मूळनिवासींच्या वस्त्यांवर दारूबंदीसह अनेक निर्बंध लादले आणि त्यासाठी वंशभेदविरोधी कायदाही तहकूब केला. तेथे हुकूम वरून आला. फिट्झरॉयमध्ये निर्णय लोकांतून उठला. हा फरक आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे.

फिट्झरॉयमध्ये पुढे झालेल्या पाहणीत मारहाणीची तीव्रता घटल्याचे दिसले. दारूमुळे जखमी होऊन दवाखान्यात येणारेही कमी झाले. पण हिंसा संपली नाही. काहीजण दूरच्या गावांतून दारू आणू लागले. बंदीने फक्त उसंत मिळाली. त्या उसंतीत खरे काम झाले. मार्निनवार्न्तिकुरा या स्त्रियांच्या संस्थेने पीडितांसाठी निवारा चालविला. आईच्या पोटात असतानाच दारूची बाधा झालेल्या मुलांची तपासणी करण्यासाठी गावाने आपण होऊन डॉक्टरांना बोलावले.

आपल्या महाराष्ट्रातही स्त्रियांनी 'आडवी बाटली'ला मते देऊन दारूची दुकाने बंद पाडली आहेत. परंतु दुकानाला कुलूप लागल्यावर पुढे काय? रात्री मार खाऊन बाहेर पडलेल्या बहिणीने कोणाकडे जावे? मारणाऱ्या भावाला जाब कोण विचारणार? २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, पोलीस आहेत. त्यांची मदत घेतलीच पाहिजे. पण पहिले दार शेजाऱ्याचे उघडले पाहिजे. ते आपले असो, एवढीच आमची विनंती.