तापाच्या पहिल्या दोन दिवसांची मजुरी



सकाळी उमरोळी स्टेशनात डहाणू लोकल शिरते तेव्हा तिच्यात पाय ठेवायला जागा नसते. विरारपासून, सफाळ्यापासून, पालघरपासून आलेल्या या माणसांपैकी बहुतेकांना पुढच्याच स्टेशनावर, बोईसरला उतरून तारापूरच्या एमआयडीसीत पाळी गाठायची असते. उलट्या दिशेची गाडी मुंबईला जाणाऱ्या चाकरमान्यांनी अशीच भरलेली असते. फ्लूची महासाथ आली तर आजच्या समाजाला तिचा धोका कितपत, हा आजचा विषय. मला तो धोका फार मोठा वाटतो, आणि त्याचं कारण या गाडीतल्या माणसांच्या रोजच्या जगण्यात आहे.

आधी 1918 सालाकडे जाऊ या. महायुद्ध चालू होतं. जूनमध्ये मुंबईत काही पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले, त्यांतला एक गोदीत पहाऱ्यावर होता. मग गोदी कामगार, कचेऱ्यांतले कारकून, गिरणी कामगार आजारी पडत गेले. ही लाट काही आठवड्यांत ओसरली आणि लोकांना हायसं वाटलं. सप्टेंबरात दुसरी लाट आली ती जीवघेणी होती. 6 ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात 768 माणसं दगावली. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महाग झालं होतं, कितीतरी डॉक्टर युद्धावर गेले होते. स्वयंसेवी मंडळी घरोघरी औषध आणि दूध पोचवत होती. खेड्यापाड्यांत लोक या साथीला मानमोडी म्हणत. ती रेल्वेने देशभर पसरली. आपल्या उमरोळीवरून जाणारा मुंबई-सुरत मार्ग तर 1864 पासून चालू होता.

देशात किती माणसं गेली? अभ्यासकांचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. आपल्या जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या घटली असं एकच दशक आहे, 1911 ते 1921. आणि मला सगळ्यांत भयंकर वाटते ती एक गोष्ट: मानमोडीने म्हाताऱ्याकोताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाच्या माणसांवर जास्त घाला घातला. घरचा कमावता गेला, लेकुरवाळी गेली. आज लोकलमध्ये उभी असतात ती याच वयाची माणसं.

त्या वेळी औषधं कुठे होती, असं कुणी म्हणेल. ते खरं आहे. माणसातला फ्लूचा विषाणू शास्त्रज्ञांच्या हाती लागला तोच 1933 मध्ये. फ्लूमागून येणाऱ्या न्यूमोनियावर तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. आज आपल्याकडे विषाणूवरची औषधं आहेत, प्राणवायू आहे, पुण्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे. पण 2009 आठवा. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू 3 ऑगस्टला पुण्यातच झाला, एका शाळकरी मुलीचा. त्या विषाणूवर पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लस काढली. ती बाजारात आली 2010 च्या जुलैत, म्हणजे जवळजवळ वर्षाने. लस आता पूर्वीपेक्षा लवकर तयार होऊ शकते, तरीही तिला काही महिने लागणारच. ते महिने कसे काढायचे, हा आपल्यापुढचा प्रश्न आहे. 2009 चा विषाणू त्या मानाने सौम्य निघाला. पुढचाही तसाच निघेल अशी हमी कुणी देऊ शकत नाही.

पुढची साथ पक्ष्यांच्या फ्लूतूनही येऊ शकते, आणि हा बर्ड फ्लू आपल्या राज्याला नवा नाही. 2006 मध्ये देशातली त्याची पहिली लागण नवापूरच्या कोंबड्यांमध्ये सापडली. 2022 मध्ये तो शेजारच्या शहापूर तालुक्यात वेहळोलीला आढळला. 2024 च्या अखेरीस नागपूरजवळ गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने मेले. पक्ष्यांमधून सस्तन प्राण्यांपर्यंत तो असा पोचतो. माणसातून माणसात सहज पसरायची ताकद त्याला अजून आलेली नाही, पण म्हणून बेसावध राहता येणार नाही.

आता पुन्हा तारापूरकडे येतो. करोनात बहुतेक कारखाने हुकूम काढून बंद झाले, लोकल बंद झाली. तो त्रास आपण सगळ्यांनी सोसला. फ्लूची तऱ्हा वेगळी असते. लागण झाल्यावर एक ते चार दिवसांत ताप येतो आणि ताप यायच्या आदल्या दिवसापासून माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. म्हणून एकाच पंधरवड्यात पाळीतली बरीच माणसं अंथरुणाला खिळू शकतात. रासायनिक कारखान्यात रिअॅक्टरवरचा ऑपरेटर, बॉयलर सांभाळणारा, वीज उपकेंद्रातला तंत्रज्ञ, गाडीचा मोटरमन यांच्या जागी रात्रीतून दुसरा माणूस उभा करता येत नाही. नवख्या हातात रिअॅक्टर गेला तर काय होतं हे स्फोटांचे आवाज ऐकलेल्या बोईसरकरांना सांगायला नको. याच वसाहतीत औषधांचा कच्चा मालही तयार होतो. म्हणजे साथीत ज्या गोळ्या हव्यात, त्या बनवणाराच तापाने फणफणलेला असेल. गंभीर रुग्णाला मुंबईला किंवा सिल्वासा, वापीला न्यावं लागतं, ही आपल्या पालघर जिल्ह्याची साध्या दिवसांतली स्थिती आहे. साथीत तिथल्या खाटाही भरलेल्या असतील.

अशा वेळी तापलेल्या माणसाने घरी राहावं, हा सगळ्यांत सोपा उपाय. पण तो राहत नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही. कंत्राटी कामगाराचा खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी जाते, म्हणून तो एक गोळी घेतो, ताप अंगावर काढतो आणि डब्यात शिरतो. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी राज्य कामगार विमा योजना आहे. तिच्यात आजारपणात मजुरीच्या 70 टक्के रक्कम वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळते. चांगली सोय आहे ही. मात्र नव्या आजारपणाचे पहिले दोन दिवस तिच्यात धरत नाहीत. फ्लू सर्वांत जास्त पसरतो तो याच सुरुवातीच्या दिवसांत! नाक्यावरचा मजूर आणि वीटभट्टीवरचं कातकरी कुटुंब यांच्यापर्यंत तर ही योजना पोचतच नाही.

म्हणून कारखानदारांना आणि कंत्राटदारांना माझी कळकळीची विनंती आहे. ताप आलेल्या माणसाचे पहिले दोन दिवस आजपासूनच पगारी धरा, साथ येण्याची वाट पाहू नका. सरकारने नियमातली ही दोन दिवसांची अट काढून टाकावी आणि नाक्यावरच्या मजुरालाही आजारपणाची मजुरी मिळेल अशी तजवीज करावी. आणि श्रोतेहो, तुमच्या घरात साठीपुढचं कुणी असेल, गरोदर बाई असेल, दम्याचा किंवा मधुमेहाचा रुग्ण असेल तर डॉक्टरांना विचारून दरवर्षीची फ्लूची लस घ्या. तापात धाप लागली तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.