रविवारची मिस्सा आणि आपला धर्मग्राम
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून रविवारच्या उपासनेविषयी बोलावे, असे मला सांगण्यात आले तेव्हा काही मंडळींनी शंका प्रकट केली. समाजाच्या मेळाव्यात शिक्षण, लग्नातील खर्च, जमीनजुमला असे विषय असावेत. मिस्सेविषयी बोलावयास देवळात धर्मगुरू समर्थ आहेत, असा त्यांचा आशय होता. शंका रास्त आहे. परंतु माझे म्हणणे असे की, आपला समाज 'समाज' म्हणून ज्या धाग्याने बांधला गेला, तो धागा रविवारी सकाळी देवळातच वळला गेला आहे. तो विरला तर आपल्या मंडळांचे आणि मेळाव्यांचे ठिगळ त्या वस्त्रास फार काळ सांभाळू शकणार नाही. आजचे माझे प्रतिपादन एवढेच आहे आणि ते मी आपणांपुढे क्रमाने मांडणार आहे.

प्रथम रविवारचे प्राचीनत्व पाहू. येशू ख्रिस्त आठवड्याच्या पहिल्या दिवशी मरणातून उठला, या श्रद्धेपोटी आरंभीचे ख्रिस्ती लोक त्या दिवशी एकत्र येऊ लागले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्यास, सुमारे १५५ साली, संत जस्टिन याने रोमन बादशहास उद्देशून जे निवेदन लिहिले, त्यात या सभेचे वर्णन आहे. शहरातील आणि खेड्यांतील लोक एका ठिकाणी जमत. प्रेषितांचे व संदेष्ट्यांचे लेख वाचले जात. प्रमुख उपदेश करी. सर्व जण उभे राहून प्रार्थना करीत. मग भाकर व द्राक्षारस आणून त्यांवर आभारप्रार्थना होई व ते सर्वांस वाटले जाई. जे येऊ शकले नाहीत, त्यांचा वाटा सेवक घरी पोहोचवीत. ज्यांची ऐपत असे ते स्वेच्छेने द्रव्य देत. त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परगावाहून आलेले पाहुणे यांची सोय लावली जाई.

आता आपल्या देवळातील रविवार डोळ्यांसमोर आणा. वाचन, प्रवचन, लोकांच्या प्रार्थना, अर्पण, ख्रिस्तप्रसाद आणि मधून फिरणारी दानाची झोळी. जवळजवळ एकोणीसशे वर्षांत या सांगाड्यात फरक पडलेला नाही. भाषा बदलल्या, पोशाख बदलले, राज्ये आली आणि गेली. क्रम मात्र तोच राहिला. एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. जस्टिनच्या वर्णनात उपासना आणि आजाऱ्यापाजाऱ्यांची काळजी ही दोन निराळी प्रकरणे नाहीत. एकाच सभेची ती दोन अंगे आहेत.

या सभेसाठी लोकांनी किंमतही मोजली आहे. इ. स. ३०४ मध्ये उत्तर आफ्रिकेतील अबितिना गावच्या ४९ ख्रिस्ती स्त्रीपुरुषांना, बादशहाची मनाई असताना रविवारी एकत्र जमल्याबद्दल पकडून नेण्यात आले. रविवारच्या भोजनावाचून आम्हांस जगता येत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी न्यायाधिकाऱ्यास दिले. पुढे ३२१ साली कॉन्स्टंटाइन बादशहाने रविवार विश्रांतीचा दिवस ठरविला. म्हणजे सुट्टी मागाहून आली. सभा तिच्या पुष्कळ आधीची आहे. आपल्या मुंबईत तर गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळण्यास १८९० साल उजाडावे लागले आणि त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना चळवळ करावी लागली. सुट्टी आहे म्हणून मिस्सेस जातो आणि सुट्टीत दुसरे काम निघाले तर जात नाही, असे म्हणणाऱ्या तरुणांनी हा क्रम ध्यानी धरावा. आपल्या वाडवडिलांना तरी कोठली सुट्टी होती? म्हशीला रविवार कळत नाही, आणि दादरच्या बाजारात फुले व भाजी उशिरा नेली तर गिऱ्हाईक थांबत नाही. वाडीचे आणि गोठ्याचे काम सांभाळूनच त्यांनी रविवार पाळला.

आता 'धर्मग्राम' या शब्दाकडे वळू. युरोपातील भाषांत धर्मग्रामासाठी जो शब्द रूढ आहे, तो 'पारोइकिया' या ग्रीक शब्दापासून आलेला आहे. त्याचा मूळ अर्थ परक्या भूमीत वस्ती करून राहिलेल्यांचा समूह असा आहे. आपण मराठीत त्यास 'ग्राम' जोडला आणि तो आपल्या मातीत रुजविला, हे उत्तमच झाले. परंतु मूळ अर्थही विसरू नये. या पृथ्वीवर आपण सारेच वाटसरू आहोत, कोणी मालक नाही, ही जाणीव त्या शब्दात आहे. आपल्या गावात नवीन राहावयास आलेल्या माणसाकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा निर्णय या एका शब्दाने होऊन जातो.

ख्रिस्तसभेच्या १९८३ सालच्या कायद्यातही धर्मग्रामाची व्याख्या इमारत किंवा हद्द अशी केलेली नाही. श्रद्धावंतांचा स्थायी समुदाय, अशी ती आहे. प्रमुख धर्मगुरूने दर रविवारी आणि आज्ञेच्या सणांना एक मिस्सा आपल्या लोकांसाठी अर्पण करावी, असे त्यास बंधन आहे. त्या मिस्सेत आपले नाव कोणी पुकारत नाही, तरी आपण सर्व जण तीत असतो. न आलेलाही असतो. हिशेबासाठी प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे, असेही त्याच कायद्यात सांगितले आहे. मिस्सेनंतर अंगणात उभे राहून हिशेबावर टीका करणे सोपे असते. समितीत बसून तो लिहिणे कष्टाचे असते. आपल्यातील निवृत्त बँक कर्मचाऱ्यांनी आणि शिक्षकांनी हे कष्ट उचलावेत.

बंधुभगिनींनो, आपल्या वसईचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. पोर्तुगीज निघून गेले. ख्रिस्ती लोक मात्र आपापल्या वाड्यांत राहिले. राजाश्रय संपला, तरी श्रद्धा संपली नाही. एतद्देशीय धर्मगुरूंनी आणि घराघरांतील जपमाळेने ती जगविली. या घटनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. आपला धर्म केवळ सत्तेच्या आधाराने उभा असता, तर सत्तेबरोबर तो गेला असता. तो टिकला, कारण धर्मग्राम टिकले.

उपासनेची भाषा दीर्घकाळ लॅटिन होती. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून मंत्र म्हणत आणि लोक आपापली जपमाळ ओढीत. मायबोलीची ओढ मात्र जुनीच होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात प्रसिद्ध झाले, हे त्याचे ठळक उदाहरण होय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज संमत केला आणि त्यानंतर लोकभाषांस वेदीवर स्थान मिळाले. तेव्हापासून आपण मराठीत उत्तरे देतो, मराठीत गातो. रविवारच्या वाचनांची तीन वर्षांची पाळी लावून दिली असल्यामुळे, जो नियमाने येतो त्याच्या कानांवरून मत्तय, मार्क आणि लूक यांची शुभवर्तमाने तीन वर्षांत क्रमाने जातात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' २०१० साली प्रसिद्ध झाले, त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. देवळातील मराठी ही मराठी साहित्याच्या अंगणापासून दूर नाही, याची ही साक्ष होय.

आता मी नाजूक विषयास हात घालणार आहे. आपण येथे जातीच्या नात्याने जमलो आहोत. एका वेदीभोवती कुपारी, वाडवळ, कोळी असे निरनिराळे समाज वर्षानुवर्षे येत आले. परंतु मिस्सा संपल्यावर अंगणातील घोळके जातीजातींचे होतात आणि सोयरिकीची बोलणी निघाली की पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, हे मी सांगावयास नको. संत पौलाने करिंथ येथील ख्रिस्ती लोकांस याच कारणास्तव कडक शब्दांत सुनावले होते. ते प्रभूच्या भोजनास जमत. पण सुखवस्तू मंडळी आपले आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. पौलाचा आशय असा की, ज्या पंक्तीत असा भेद चालतो ती पंक्ती प्रभूची राहतच नाही.

आपल्या जातीचे नाव तरी कसे पडले? 'कुपारी' हा शब्द पोर्तुगीज 'कोंपाद्रे' या शब्दावरून आला, असे सर्वसामान्यपणे मानले जाते. मुलाचा बाप आणि स्नानसंस्काराच्या वेळी त्या मुलाची जबाबदारी घेणारा धर्मपिता, हे एकमेकांचे 'कोंपाद्रे' होत. ही व्युत्पत्ती खरी धरली, तर केवढा अर्थ तीतून निघतो पाहा! आपण ज्या नावाने जात सांगतो, ते नाव रक्ताच्या नात्याचे नाहीच. स्नानकुंडापाशी, दुसऱ्याचे मूल आपले मानल्यामुळे जडलेल्या नात्याचे ते नाव आहे. कुपारी म्हणवून घ्यावे आणि दुसऱ्याच्या लेकराला परके लेखावे, हे त्या शब्दाशीच विसंगत आहे. स्नानसंस्काराच्या पुस्तकात बालकाचे, आईबापांचे, धर्ममातापित्यांचे, धर्मगुरूचे नाव आणि स्थळ व दिनांक लिहावा, असे कायदा सांगतो. त्यात जातीचा रकाना सांगितलेला नाही.

मग ज्ञातिसंस्था मोडून टाकावी काय? मी असे म्हणत नाही. आपली कादोडी बोली, आपली लग्नगीते, आपला पोशाख, पानवेली आणि केळीच्या बागांचे ज्ञान हे धन जपणारी संस्था हवी. परंतु घर हे गावात असते, गाव घरात नसते. ज्ञाती हे घर आहे आणि धर्मग्राम हा गाव आहे. घराने गावाचा रस्ता अडवू नये, एवढेच माझे सांगणे आहे.

सद्यःस्थिती आपण जाणताच. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्या आधीपासूनच येथील वाड्या मोडून इमारती उठू लागल्या होत्या. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लक्षांहून अधिक भरली. केरळ, मंगळूर, गोवा, मुंबई येथून आलेली ख्रिस्ती कुटुंबे आज आपल्या बाकांवर शेजारी बसतात. काही धर्मग्रामांत मराठीबरोबर इंग्रजी मिस्साही होते. पुढे २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे देवळांची दारे बंद झाली. मिस्सा दूरचित्रवाणीवर आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आली. दारे त्या वर्षी नोव्हेंबरात उघडली, पुन्हा बंद झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा उघडली. त्या काळात पडद्याने अनेकांस, विशेषतः एकट्या वृद्धांस, धीर दिला यात संशय नाही. परंतु दारे उघडल्यावरही काही जण पडद्यापाशीच राहिले. पडद्यावर वेदी दिसते, शेजारी दिसत नाही. शांतिचिन्ह देण्यासाठी हात पुढे करावा तर समोर हात नसतो. गेल्या रविवारी ज्या बाकावर एक म्हातारी बसत होती ते बाक आज रिकामे का, हा प्रश्न पडद्यास पडत नाही. तो शेजारच्या बाकावरील माणसासच पडतो. रविवारच्या सभेचे अर्धे पुण्य, माझ्या मते, या प्रश्नात आहे.

केवळ उपदेश करून मी थांबणार नाही. चार सूचना आपल्या विचारार्थ ठेवतो. पहिली, आपल्या मंडळाच्या कोणत्याही सभा, सहली आणि क्रीडास्पर्धा रविवारी सकाळी मिस्सेच्या वेळी ठेवू नयेत. आपणच वेळ अडवावयाची आणि आपणच तरुणांस दोष द्यावयाचा, हे बरे नव्हे. दुसरी, अंथरुणास खिळलेल्यांस ख्रिस्तप्रसाद नेऊन देण्याची परवानगी १९७३ पासून योग्य त्या नियुक्तीने प्रापंचिकांसही मिळते. या सेवेसाठी आपल्यातील स्त्रीपुरुषांनी पुढे यावे आणि जाताना जात न विचारता प्रत्येक दारी जावे. तिसरी, विद्यार्थ्यांस आपण जी पुस्तके आणि शिष्यवृत्त्या देतो, त्यांतील काही भाग धर्मग्रामातील कोणत्याही गरजू मुलासाठी, ज्ञाती न पाहता, राखून ठेवावा. चौथी सूचना आजीआजोबांसाठी आहे. नातवंडांना इंग्रजी शाळेत घालणे हा आईबापांचा निर्णय असेल. परंतु मराठी प्रार्थना आणि घरची बोली त्यांच्या मुखी घालणे आपल्या हाती आहे. त्यास शुल्क लागत नाही.

या सूचनांपैकी तिसरीस विरोध होईल, याची मला कल्पना आहे. आपल्या पैशाचा लाभ आपल्याच मुलांस व्हावा, असे कोणी म्हणेल. त्यास माझे उत्तर असे की, स्नानकुंडापाशी ज्याची हमी आपण घेतली ते मूल आपलेच आहे. आपण आपल्या नावास जागावे, यापलीकडे मी काही मागत नाही.

 सूचनांचा निर्णय कार्यकारी मंडळाने आणि सर्वसाधारण सभेने करावा. परमेश्वर आपणां सर्वांस सद्बुद्धी देवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय ख्रिस्त!